शिंगाड्यांची टोपली आणि तीन भाषांची शाळा

आमच्या वेळी भंडाऱ्यात लहान पोरांच्या शाळा दोनच प्रकारच्या. एक नगरपरिषदेची, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिथली पोरं दुपारच्या सुट्टीत घरी येऊन भात खात आणि तोंड न पुसता परत जात. दुसऱ्या फी घेणाऱ्या, ज्यांना सगळे सरसकट कॉन्व्हेंट म्हणत, मग तिथे नन असो की नसो. ऐंशीच्या आसपास यात तिसरा प्रकार निघाला. तो माझ्या नवऱ्याने शोधून काढला, त्यामुळे मला तो पहिल्या दिवसापासूनच संशयास्पद वाटला.

आमचं पितळी भांड्यांचं दुकान. गावाबाहेर सरकारी कारखान्याची कॉलनी होती आणि तिथे देशभरातून आलेली माणसं राहत. त्यांच्या बायका पाण्याचे गुंड, परात, समई घ्यायला आमच्याकडे येत. त्यातली एक मद्रासी बाई. मद्रासी म्हणजे काय, चंद्रपूरच्या खाली जो राहतो तो मद्रासी, एवढाच आमचा भूगोल. ती मुळात केरळची होती हे मला पुष्कळ नंतर कळलं, आणि तेव्हाही मी ‘तेच ते’ म्हणून सोडून दिलं. तर या बाईने आपल्या क्वार्टरमध्ये लहान मुलांची शाळा काढली होती. समोरच्या व्हरांड्यात फक्त हिंदी, मधल्या खोलीत फक्त इंग्रजी, मागच्या अंगणात जांबाच्या झाडाखाली फक्त मराठी. मराठीपुरती शेजारची एक ताई येई. पाटी नाही, पुस्तक नाही. उंबरठा ओलांडला की भाषा बदलायची, बस्स.

“एका वर्षात पोरगी तीन भाषा बोलंन,” नवरा जेवताना म्हणाला.

“एकच बोलते तर दिवसभर कान खाते. तीन बोलली तर राहायचं कुठं?”

“हसू नको. मले पाहा, बंगाली गिऱ्हाईक आलं का मी मुक्यावानी बोटं दाखवत बसतो. पोरीनं तरी बोटं काहून दाखवावी?”

मी आसगावची, सातवी झालेली. वडिलांची धानाची शेती. लग्न होऊन भंडाऱ्याला आले तेव्हा मला वाटलं होतं की आता आपण शहरातल्या झालो. इंग्रजी मात्र माझ्यासाठी फडताळाच्या वरच्या खणातल्या काचेच्या बरणीसारखी होती. दिसायची, पण हात लावायचा नाही. मी नवऱ्याला शंभर कारणं सांगितली. रिक्षा लांब जाते, बाई पोरांना काय खायला घालते ठाऊक नाही, कॉलनीतलं पाणी वेगळं आहे. खरं कारण एकच होतं आणि ते मी कोणालाच सांगितलं नाही. ही पोरगी उद्या अशा भाषेत जाऊन बसेल जिथे मला शिरता येणार नाही. मग एक दिवस ती चारचौघांत मला ओळखच देणार नाही. तिचं वय तेव्हा पाच नव्हतं, आणि मी तिच्या लग्नात तिने मला ‘ह्या आमच्याकडे कामाला असतात’ म्हणून सांगितल्याचं चित्र रंगवून मोकळी झाले होते. तेव्हाची मी अशीच होते. दूध उतू जायच्या आधीच गॅसचा ओटा पुसून ठेवायची. गॅससुद्धा यायचा होता घरात, चूल होती.

शाळा पाहायला आम्ही दोघं गेलो. बाई उंच, पांढरी साडी, केस ओले. खोबरेल तेलाचा वास. मी लगेच मनात टिपलं, एवढं तेल परवडतं कसं?

मी विचारलं, “लडकी को इंग्लिश के कमरे में शू लगी तो? किस भाषा में बोलेगी?”

नवऱ्याने डोक्याला हात लावला. बाई मात्र अजिबात हसली नाही. “शू की भाषा नहीं होती, बहन। बच्चा एक पाँव पर खड़ा होता है, मैं समझ जाती हूँ।”

उत्तर चोख होतं. चोख उत्तर देणाऱ्या माणसावर माझा तेव्हा सर्वांत कमी विश्वास. बाई म्हणाली, दिवाळी झाल्यावर पंधरा दिवस पाठवा, पटलं तर ठेवा, नाही तर तुमची नगरपरिषदेची शाळा कुठे पळून जात नाही. हे तर मला फारच संशयास्पद वाटलं. दुकानदाराची बायको मी. ‘वापरून पाहा, नाही आवडलं तर परत करा’ असं कोण कधी म्हणतो, ते मला ठाऊक होतं.

दिवाळी झाली, पोरगी जायला लागली. संध्याकाळी मी तिला मांडीवर घेऊन तपासणी करायची.

“आज काय शिकली?”

“मटर सोलले.”

“आन?”

“मटर.”

“आन गाणं, कविता, कायी?”

“लई मटर होते आई.”

तिची नखं खरंच हिरवी झालेली. दुसऱ्या दिवशी हातांना कोथिंबिरीचा वास. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आज आम्ही तांदूळ निवडले. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शाळाबिळा काही नाही. बाईने फुकटातल्या बारक्या मोलकरणी जमवल्या आहेत, आणि वर आईबापांकडून फीसुद्धा घेते! मला त्या बाईच्या डोक्याचं कौतुकच वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसून म्हणाला, “घरी तर एक मटर सोलत नाही. तिथं सोलते म्हणजे मास्तरीण चांगली हाय.”

सासूबाई मात्र माझ्या बाजूच्या निघाल्या. त्या अड्याळच्या. संशयात त्या माझ्याही पुढे होत्या, फक्त मला ते तोवर माहीत नव्हतं.

“सकाळी जाऊन उभी राय ना दारात,” त्या म्हणाल्या.

“मले पाहून ते बाई पाटी-पेन्सिल काढंन. चोर का दाखवून चोरी करते?”

“मंग अशी जा का तुले ओळखलंच नाही पायजे.”

त्या दोन मूर्ख बायांनी मिळून जो बेत केला त्याचं मला आज हसू येतं. त्यातली धाकटी मूर्ख मी. दिवस शिंगाड्यांचे होते. तळ्यातून काढलेले शिंगाडे उकडून बाया कॉलनीत घरोघर विकत. मी बाजारातून कच्चे आणले, घरी उकडले. सासूबाईंचं जुनं लुगडं नेसले, घड्याळ काढून ठेवलं. टोपली डोक्यावर घ्यायची तर चुंबळ ठेवून, आणि माझी मान दोन पावलांत लटपटायला लागली.

“सरळ चाल वो,” सासूबाई अंगणात मागून ओरडत होत्या. “शिंगाडेवाली आहेस, नवरी नाही!”

माप लागतं हे ऐन वेळी आठवलं. घरात पितळेला काय तोटा? मांडणीवरची एक लोटी उचलून टोपलीत टाकली आणि निघाले. ही लोटी चिंचेने घासून चकचकीत केलेली होती, हे एक. आणि दुसरं, आमच्या घरच्या प्रत्येक भांड्यावर असतं तसं तिच्यावर आमचं पूर्ण नाव, दुकानाच्या नावासकट, ठोकून कोरलेलं होतं. लग्नात, बारशात भांडी इकडची तिकडे होतात म्हणून आम्ही नाव घालायचो. वेषांतर करून निघालेल्या बाईला स्वतःचं नाव ठोकलेली लोटी घेऊन जाऊ नये एवढी अक्कल असायला हवी होती. पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या नावाकडे कोण पाहतं?

कॉलनीच्या फाटकावरच्या शिपायाने मूठभर शिंगाडे उचलले आणि मला आत सोडलं. क्वार्टरसमोर जाऊन मी टोपली उतरवली. ओरडायचं होतं, पण तोंडातून आवाज निघाला तो देवळात आरती म्हणावी तसा. बाई बाहेर आली. तिने शिंगाडे पाहिले, लोटी उचलली, फिरवून फिरवून पाहिली, वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मी पदर आणखी पुढे ओढला आणि मनात म्हटलं, फसली!

बाईने टाळ्या वाजवल्या. “बच्चो, बाहर आओ! सिंघाड़ेवाली आई है। आज हम बाज़ार करेंगे!”

पाच-सहा पोरं व्हरांड्यात धावत आली. शेवटी माझी. तिने मला पाहिलं आणि जागीच थांबली. मी डोळे मोठे करून मान हलवली, बोलू नको. तिने एकदा माझ्या डोक्याकडे, एकदा टोपलीकडे पाहिलं. मग आपल्या पायांखालच्या फरशीकडे पाहिलं, जणू आपण कुठे उभे आहोत याची खात्री करून घेत होती. पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

“बाई, कैसा दिया?”

आमच्या दुकानात गिऱ्हाईक विचारतं अगदी त्या सुरात.

“एक लोटी चार आने,” मी कशीबशी बोलले.

“महँगा है. और ये तो सड़ा हुआ दिखता है.”

“सड़ा हुआ? सकाळीच उकडले ना मी! तुया समोर—”

पोरं खो खो हसायला लागली. माझी पोरगी हसली नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मला समजावणीच्या सुरात म्हणाली, “बाई, यहाँ हिंदी बोलने का.”

मी ज्याला भीत होते ते झालं. चारचौघांत, भर उन्हात, माझ्या पोटच्या पोरीने मला ‘बाई’ म्हटलं. नऊ महिने, रात्रीची जागरणं, तिच्या गोवराच्या वेळी केलेले नवस, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. टोपली तिथेच सोडून तिला काखोटीला मारून घरी जावं असं वाटलं. मी उठलेसुद्धा. तेवढ्यात तिने माझा हात धरला.

“मराठी बोलना है तो पीछे आओ,” ती म्हणाली.

आणि ती मला ओढत घेऊन निघाली. मी चपला काढायच्याही विसरले. मधल्या खोलीच्या उंबरठ्यावर ती क्षणभर थांबली, माझ्याकडे वळून पाहिलं, आणि “कम, कम,” म्हणाली. मी तोंड गच्च मिटून त्या खोलीतून गेले. भिंतीवर चित्रं होती, खाली चटई होती, एका पोराने ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, मी त्याला हात जोडून नमस्कार केला. मागचं दार उघडलं. अंगण आलं, जांबाचं झाड आलं. तिथे पोहोचताच तिने माझा हात सोडला, माझ्या कमरेला मिठी मारली आणि एका दमात सुरू झाली,

“आई, तू काहून आली? तुया डोक्यावर टोपली काहून होती? आजीचं लुगडं काहून नेसली? तू बी शाळेत येऊन राहिली का आता? माया बाजूले बसशील?”

मी मटकन त्या झाडाखाली बसले. नाकडोळे पुसले. लुगड्याचा पदर या कामाला चांगला असतो, मोठा असतो. इतक्या दिवसांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की मराठी कुठल्या दाराने येते. तिला ठाऊक होतं. मी चुकीच्या ठिकाणी उभी होते आणि ती मला धरून घेऊन आली, एवढंच.

बाई मागून आली, हातात माझी लोटी, लोटीत पाणी.

“पी लो,” ती म्हणाली. मग इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू तिच्या तोंडातून फुटलं. “अगली बार जासूसी करने आओ तो अपने नाम का बर्तन घर पर रखना।”

मी लोटी हातात घेऊन नाव वाचलं आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण संशयी माणूस लाजेतूनही सावरतो. माझी नजर झाडाच्या पलीकडे गेली. तिथे वाटाण्याच्या शेंगांचा हा एवढा ढीग, आणि शेजारी एक पातेलं.

“हे मटर कोणाचे?” मी सरळ मराठीत विचारलं. जागा मराठीची होती, माझा हक्क होता.

“बच्चों के. रोज़ दोपहर को यही खाते हैं,” बाई म्हणाली. मग आपलीच चूक लक्षात येऊन मोडक्या मराठीत, “मुलं खातात. मी बी खाते. थोडं.”

ते ‘थोडं’ किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी आले तर सासूबाई दारातच. “पकडली का?” मी म्हटलं, “कोणी कोणाले पकडलं ते आता नका विचारू.” पण आमच्या पोरीने संध्याकाळी दुकानात जाऊन, गिऱ्हाईकांसमोर, आईने शाळेत शिंगाडे विकल्याचं आधी हिंदीत आणि मग मराठीत साग्रसंगीत सांगितलं. नवरा घरी आला तो बोलायच्या स्थितीत नव्हता. हसून हसून त्याला उचकी लागली होती.

“मंग?” पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला. “ठेवायची का काढायची?”

“ठेवू.”

“खात्री झाली म्हणायची.”

“कायची खात्री? एक दिवस पाहून काय समजते? मले पाहून तिनं सगळं बरं बरं दाखवलं असंन. ठेवू, आन मी दर आठवड्याले जाऊन पाहीन.”

आणि मी जात राहिले. शिंगाडे संपले तेव्हा वांगी नेली, मग हरभऱ्याची ओली भाजी, मग कैऱ्या. बाईनेच सांगितलं होतं, पोरं तुमच्याशी भांडताना सर्वांत जास्त बोलतात. मला त्यातही फुकट भाजी मिळवायचा डाव दिसला, म्हणून मी पूर्ण पैसे वसूल केले. पोरं माझ्या वांग्यांना किडकी म्हणायची, मी त्यांना व्हरांड्यात हिंदीत शिव्या घालायची, मागे जाऊन मराठीत. मधल्या खोलीत मी आजतागायत तोंड उघडलेलं नाही. पुढे पोरगी मोठ्या शाळेत गेली, बाईच्या नवऱ्याची बदली झाली, त्या क्वार्टरमध्ये दुसरं बिऱ्हाड आलं. निरोपाच्या दिवशी बाईने मला विचारलं, “अब तो विश्वास हुआ?”

मी म्हटलं, “अजून थोडे दिवस राहिल्या असत्या तर सांगता आलं असतं.”