तोंड नसलेल्यांचा घास

समुद्रातल्या प्राण्यांविषयी मी लिहावं, हे धाडसच आहे. समुद्र मी पाहिलेला नाही. साखऱ्याकडच्या आमच्या तांड्याला सर्वांत मोठं पाणी म्हणजे पाझर तलाव, तोही उन्हाळ्यात आटतो. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहिताना कुठे चुकतो हे सांगणारंही कुणी नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं. हे लिहिल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येईना.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी हिंगोलीला बी.एस्सी.ला होतो. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका बरणीत स्पंज होता. पिवळट, भोकाभोकांचा, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. सरांनी बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, हा प्राणी आहे.

"सर, तोंड कुठंय याचं?" मागून एकानं विचारलं.

"नाही."

"पोट?"

"तेही नाही. मेंदू नाही, हृदय नाही."

"मंग ह्यो जगात पास कसा झाला, सर?"

वर्ग हसला. "कोट्यवधी वर्षं पास होऊन राहिलाय," सर म्हणाले. "तू एकदा होऊन दाखव."

मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. स्पंज एका जागी चिकटून राहतो. त्याच्या आतल्या पेशींना बारीक शेपटीसारखे तंतू असतात. ते हलत राहतात, भोकांतून पाणी आत येतं, त्यातले अन्नाचे कण पेशी धरतात आणि पाणी वरून बाहेर जातं. अगदी या पेशींसारख्याच दिसणाऱ्या एकपेशीय जीवांशी आपलं सगळ्यांचं फार जुनं नातं आहे. जिवंत स्पंज कापडातून गाळला, तर त्याच्या पेशी सुट्या होतात. पण त्या मरत नाहीत. तळाशी सरकत एकमेकींना शोधतात आणि पुन्हा स्पंज होतात.

माझा थोरला भाऊ तेव्हा समुद्राकडे गेलेला होता. कनेरगाव नाक्यावरून एका ट्रकनं तो कोकणात गेला, बंदराच्या धक्क्याला दगड भरायच्या कामावर. पहिल्या उन्हाळ्यात त्याचा निरोप आला. नंतर काहीच नाही. बाप शोधायला गेला, तर काम संपलेलं, मुकादम माणसं घेऊन कुठे गेला ते कुणी सांगेना.

आमच्यात दिवाळीला धबुकार असतो. चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप, गूळ आणि भाताचा घास घालायचा आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. धूर वर गेला की घास पोचला. याडी, म्हणजे माझी आई, दरसाल सगळी नावं घ्यायची, पणजोबापासून जन्मल्यावर दोन दिवसांत गेलेल्या माझ्या बहिणीपर्यंत. भावाच्या नावापाशी चुलता तिच्याकडे बघायचा.

घरी आम्ही आमची बोली बोलतो. इथे जमेल तसं मराठीत लिहितो.

"घे की त्याचं बी," चुलता म्हणायचा. "जित्ता असता तर दिवाळीला आला नसता का?"

"जित्त्याचं नाव इस्तवावर घेऊ? पोळंल त्यो."

"आन नसंल तर? उपाशी ठेवतीस काय लेकराला?"

याडी उलथनं खाली ठेवायची. तिचा हात चुलीपाशी तसाच राहायचा. धूर संपायचा.

त्या दिवाळीत मी तिला स्पंजाविषयी सांगितलं. का सांगितलं, नक्की सांगता येत नाही. शिकलेलं कुणाला तरी सांगावंसं वाटलं असेल.

"तोंड न्हाई तर खातंय कसं?" तिनं विचारलं.

"अंगातून पाणी जातं. त्यातलंच घेतं."

"म्हंजी आपल्या गेलेल्यावानी," ती म्हणाली. "त्यायला बी तोंड कुठं असतंय." मग निखारे सारखे करत, "आन गाळलं तरी पुन्हा जमतंय म्हणतूस?"

"व्हय."

"मग थांबू." त्या वर्षीही तिनं भावाचं नाव घेतलं नाही.

त्यानंतर प्रयोगशाळेत एकटा असलो की मला त्या बरणीकडे पाठ करता येईना. बरणी उचलली की औषधाचं पाणी स्पंजाच्या भोकांतून हलायचं, एखादा बुडबुडा निघायचा. मेलेला आहे हे माहीत होतं. तरी वाटायचं, हा समुद्राकडून आलाय, याच्या अंगातून तिथलं सगळं पाणी गेलेलं आहे, याला माहीत असणार. एकदा मी काचेला तोंड लावून भावाचं नाव घेतलं. काच धुरकटली. ती पुसून मी घाईनं बाहेर आलो.

वर्षं गेली. मी शिक्षक झालो. याडीचा हात चुलीपाशी थांबायचा तो थांबतच राहिला.

एका दिवाळीच्या आदल्या दुपारी कनेरगाव नाक्यावर ढाब्यात चहा घेत होतो. वाशीमकडच्या तांड्यातला एक माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग जवळ येऊन भावाचं नाव घेतलं. "तू त्याचा धाकटा ना? बराबर तसाच दिसतूस."

धक्क्याच्या कामावर तो भावासोबत होता.

"तुमाला कुणी सांगितलंच न्हाई?" तो खाली बसला. "दगडावरून पाय सरकला त्याचा. लाट आली, पुन्हा दिसलाच न्हाई. मुकादमानं त्याच सांजंला आमाला दुसरीकडं हलवलं. बोलू नका म्हणाला."

"कधी?"

"कामावर आला त्याच साली की. पहिल्याच पावसाळ्यात," तो म्हणाला. "दिवाळी अजून लांब होती."