किल्ली थोरल्याच्या खिशात

मंडळी जमली की किस्से साचतातच. चपला बाहेर काढता येतात, स्वभाव आत येतो. आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी कामोठ्यात एका भाड्याच्या हॉलमध्ये भरते. हॉलची किल्ली पहिल्यापासून माझ्याकडे. दाराचा आतला खटका तुटलेला. दार लागलं की बाहेरून किल्लीनेच उघडतं. म्हणून उपासनेआधी मी दाराला वीट लावतो. शिक्षण चौथी, पण वीट कधी विसरलो नाही.

मग भास्कर आला.

*

भास्कर उलव्याचा, डंपर चालवणारा. पूर्वी प्यायचा. एका रविवारी तो साक्ष द्यायला उभा राहिला. देवाने आपल्याला कसं बदललं ते चारचौघांत सांगायचं, ती साक्ष. "मी गटारात पडलेलो. येशूने हात दिला!" बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मला त्या गटाराचा हेवा वाटला.

पुढच्या रविवारी मी उभा राहिलो. "मी कधी प्यायलो नाही. खोटं बोललो नाही. एक उपासना चुकवली नाही."

कोणी रडलं नाही. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब म्हणाले, "आणखी काही, योसेफकाका?"

"नाही."

घरी बायको म्हणाली, "अहो, ती साक्ष नव्हती, कॅरेक्टर सर्टिफिकेट होतं!"

*

पाळकसाहेबांचा आवडता उपदेश एकच. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं, आपल्या कर्मांनी नाही.

मी दारात विचारलं, "मग मी दर रविवारी खुर्च्या कशाला लावायच्या?"

ते नुसते हसले. म्हणून पुढच्या रविवारी मी खुर्च्या लावल्या नाहीत. बघू कृपा लावते का! मंडळी उभी. भास्कर आला आणि शिट्टी वाजवत सगळ्या लावून मोकळा झाला.

पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले. माझे इतक्या वर्षांत एकदाही मानले नव्हते.

*

बायकोचा गुडघा धरला. म्हणाली, "भास्करला प्रार्थनेला बोलवा."

"घरात मी आहे की!"

"तुम्ही प्रार्थनेत देवालाच झापता."

भास्कर आला, दोन वाक्यं बोलला, चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी ही जिना चढली. गोळ्याही चालू होत्या, एवढं सांगून ठेवतो.

*

यंदा उधळ्या पुत्राचं नाटक ठरलं. धाकटा मुलगा सगळं उधळून परत येतो, बाप त्याला मेजवानी देतो. घर कधीच न सोडलेला थोरला रागाने बाहेर उभा राहतो, बाप त्याला समजवायला येतो. धाकटा भास्कर, बाप पाळकसाहेब.

"थोरला कोण?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं!

मी विचारलं, "थोरला शेवटी आत जातो का?"

"शास्त्रात लिहिलेलं नाही, काका." मग हळूच म्हणाले, "आणि नाटक झालं की किल्ली भास्करकडे द्या. तुमचंही वय झालं."

मी मान हलवली. घरी जेवलो नाही.

नाटकाच्या दिवशी सगळी मंडळी मेजवानीचे पाहुणे म्हणून आत बसली. बिर्याणी खरी होती. मी बाहेर पॅसेजमध्ये उभा राहून ओरडलो, "इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, मला साधं करडूसुद्धा दिलं नाही!" हे वाक्य मला पाठ करावं लागलं नाही.

बापाच्या घराला वीट शोभत नाही म्हणून भास्करने ती काढून ठेवली होती. वारा आला. दार धाडकन लागलं.

आतली ढोलकी थांबली. बापाला बाहेर येऊन मला समजवायचं होतं. दाराची मूठ आतून खडखडली.

"काका, दार!" पाळकसाहेब.

मी खिसा चाचपला. किल्ली होती. मी ती बाहेर काढली नाही.

"अहो, नाटक संपलं!" बायकोचा आवाज.

मग भास्कर दाराला तोंड लावून म्हणाला, "काका, तुमी आत या ना! तुमी आल्याशिवाय आमाला कुनालाच बाहेर येता येत नाय!"