तिसरा बोलणारा

"तुम्ही दोन्ही बोलतस ना, तवय तिसरा कोन बोलस?" धरणगावच्या घरी जेवताना आईनं विचारलं आणि भाऊचा घास हातातच राहिला. घरात आई, भाऊ आणि मी, एवढेच. आमच्याकडे कोणी कोणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही, तेव्हाही आम्ही बहीणभाऊ एकदमच बोलत होतो. "घोगरा शे," आई म्हणाली. "पुटपुटस."

वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते. भाऊनं त्यावरून काढायचा तो अर्थ काढला, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. आईला एकटं ठेवायचं नाही, घराला कुलूप लावायचं, तिला जळगावला आपल्याकडे न्यायचं. भाऊ वाईट नाही, घाबरट आहे. मीही घाबरले होते, फक्त ते कबूल करायला माझी जीभ वळत नव्हती.

आधी आईचं ऐकायचं कानातलं मशीन तपासून घेतलं. दुकानदारानं एकेक सूर वाजवून पाहिला आणि मशीन उत्तम आहे म्हणाला. मग मेंदूचे डॉक्टर. त्यांच्यासमोर आम्ही दोघं इतकी शहाणी झालो की विचारू नका. आधी भाऊ बोलायचा, तो थांबला की मी. तिथं आईला तिसरा ऐकूच आला नाही. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं कधी कधी, लक्ष ठेवा. त्या दिवसापासून आई म्हणू लागली, "आते तिसरा ऐकू येत नही." भाऊला ते पटलं नाही. मलाही नाही.

आता माझी अक्कल बघा. मी जळगावला लग्नाच्या साऊंडचे अँप्लिफायर बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करते. अँप्लिफायरला एकच सूर दिला तर तो साळसूदासारखा वागतो. एकेकटं पोर पाहुण्यांसमोर शहाणंच असतं, दोघांना एकत्र सोडलं की खरं कळतं. म्हणून आम्ही दोन सूर एकदम देतो. अँप्लिफायर बिघडलेला असेल तर तो दोन्ही सूर एकमेकांत मिसळतो आणि कोणी न दिलेला तिसरा सूर बाहेर काढतो. हे रोज माझ्या हाताखालून जातं, आणि कानातलं मशीन म्हणजे तरी काय, छोटा अँप्लिफायरच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

साफ करून आणते असं सांगून मी आईचं मशीन कारखान्यात नेलं. जेवणाच्या सुट्टीत छोट्या स्पीकरवर दोन सूर एकदम लावले, मशीन समोर धरलं आणि त्याची नळी माईकला जोडली. तपासणीच्या स्क्रीनवर प्रत्येक सुराची एक अशा दोन उंच रेघा उठल्या आणि शेजारी तिसरी. मी मोबाईल उचलला, भाऊचा नंबर काढला आणि तिथंच थांबले. दोन्ही सूर एकाच स्पीकरमधून येत होते. तिसरा त्या स्पीकरनंच काढला असेल तर? मग आईचं काय?

दोन स्पीकर घेतले, प्रत्येकाला एकेक सूर दिला. आधी नुसता माईक ठेवला. दोनच रेघा. मग मध्ये आईचं मशीन आणलं. तिसरी रेघ पुन्हा उभी राहिली. मशीन काढलं, रेघ गेली. लावलं, आली. माझ्या जिवात जीव आला. मी स्टुलावर बसून रडले आणि डबा तसाच राहिला.

संध्याकाळी धरणगावला जाऊन आईला सगळं सांगितलं. तिनं रेघांचा फोटो नीट पाहिलाही नाही. "मंग मी येडी नही ना, बाई?" एवढंच तिनं विचारलं. इतके दिवस ती हेच मनात धरून एकटी बसली होती, हे मला तेव्हा कळलं. मी नाही म्हणाले, तर तिनं पुन्हा विचारलं.

नवीन मशीन आलं त्या दिवशी भाऊही आला. आईनं ते कानात बसवलं, आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाली, "आते दोन्ही एकदम बोला." एरवी कोणी न सांगता बोलणारी आम्ही, पण सांगितल्यावर काही सुचेना. शेवटी भाऊ त्याच्या गाडीबद्दल बोलू लागला आणि मी महागाईबद्दल. आई मान खाली घालून बराच वेळ ऐकत राहिली. मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"दोनच शेतस," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.