पीयूसीच्या नळीतलं जाळं

मंडळी, आज सदरच्या चौकातल्या तपासणी व्हॅनवर गाडीची पीयूसी काढली. पास व्हावी म्हणून कालच कार्बोरेटर साफ करून घेतला होता. इंजिन नीट तापावं म्हणून सकाळी लांबचा फेरा मारून गेलो.

व्हॅनवाल्याने बंद गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढला आणि सर्टिफिकेट हातात दिलं. धूर तपासायची नळी खुंटीवरच होती. तिच्या तोंडाला कोळ्याचं जाळं.

मी म्हटलं, "नळी तर लावा."

"पास करून राहिलो ना भाऊ, मंग तुमाले तपासणी काहून पाहिजे?"

मागचा काळा धूर ओकणारा टेम्पोही तसाच पास झाला.

सर्टिफिकेटवर माझ्या धुराचे आकडे आहेत, अगदी दशांशासकट. ते मोजले कोणी, कोळ्याने?