परत सांग

सुभेदारांची रीतच होती: कानामागे तळवा धरायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि विचारायचं, “काय ऐकलंस? परत सांग.” त्यांनी ‘उद्या ये’ म्हटलं, तरी ते तुम्हाला म्हणून दाखवावं लागे. नुसतं ‘होय’ त्यांना चालत नसे.

सैन्याच्या सिग्नल विभागातून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आचऱ्यात परतले. गावाने त्यांना सुभेदार केलं. आयुष्यात तेवढी एकच चूक त्यांनी दुरुस्त केली नाही.

मी टेलिफोन कचेरीतला कारकून, म्हणजे त्यांच्या लेखी झुरळाच्या जरा खालचा. गावात मोबाइलचा टॉवर उभा राहिला, तेव्हा मी नवरदेवाच्या मामासारखा मिरवत होतो. त्यांनी विचारलं, “एकच खांब? शत्रूक किती सोपा करशात?”

“सुभेदारानू, आचऱ्यात शत्रू खंय आसा?”

“तू आसस मां.”

मग रणांगणावरच्या नव्या जाळ्याची शिकवणी. तिथे खांबच नसतो. प्रत्येक वायरलेस सेट ऐकतो आणि पुढच्याला देतो. एक उडाला, तर निरोप दुसऱ्या सेटवरून वाट काढतो. “थंय एक मेलो तरी बाकीचे बोलतत. तुमचो टॉवर पडलो की तुमी सगळे मुके.”

घरी मी बायकोपुढे त्यांची नक्कल करायचो. बरी वठायची.

एका वादळात टॉवर खरंच मुका झाला. माझा धाकटा भाऊ होडी घेऊन समुद्रात, आणि खाडीच्या तोंडावर लाटा फुटत होत्या. सुभेदार किनाऱ्यावरच्या एका होडीच्या वायरलेसवर बसले. भावापर्यंत आवाज जाईना, म्हणून त्यांनी मधल्या दोन होड्यांमार्फत निरोप धाडला, “खाडीत येव नको, मालवणाक जा.”

“पोचलो निरोप,” जवळच्या होडीने कळवलं.

“झाला मां,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सेटवर म्हणाले, “त्येना काय ऐकल्यान? त्येच्याकडसून परत मागव.”

होडीहोडीतून उलटा जबाब आला, “खाडीत येतंय.”

वाटेत ‘नको’ गळला होता, आणि मालवणही.

“खाडी नको. मालवण. परत सांग.” दोनदा उलट म्हणवून घेतलं, तेव्हा कुठे त्यांनी सेट खाली ठेवला. भाऊ मालवणला लागला. माझ्याकडे वळून ते एवढंच म्हणाले, “टेलिफोनवालो,” आणि थुंकले.

नक्कल मी त्या दिवसापासून सोडली.

पुढे त्यांना दवाखान्यासाठी कोल्हापूरला नेलं. मी एसटीच्या खिडकीखाली उभा होतो. इंजिन सुरू झालं आणि त्यांनी मला काहीतरी सांगितलं. मी सवयीने ‘होय, होय’ म्हटलं. एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी कानामागे तळवा धरला आणि थांबले.

गाडी सुटली. ते परत आले नाहीत. वळणाआड जाईपर्यंत तो तळवा खाली आला नव्हता.