मलप्पाचा गिलावा

मुरुमच्या बाजारपेठेतल्या मलप्पाच्या स्टुडिओत पाऊल टाकलं, की तो आधी हातातल्या फूटपट्टीनं तुमची हनुवटी वर करायचा, तोंड उजेडाकडं वळवायचा, जिभेनं 'च्च' करायचा आणि म्हणायचा, "बरं. बघू काय करता येतंय." गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोसाठी आलेलं असो की लग्नाच्या, ते तोंड बघून तो असा हळहळायचा, जणू डॉक्टरच्या हातात वाईट रिपोर्ट आलाय. लोक बिचारे ओशाळायचे. चांगल्या नाकीडोळी नीटस पोरी त्याच्या दुकानातून मान खाली घालून बाहेर पडताना मी पाहिल्या आहेत. इतका आगाऊ, इतका अडाणी आणि इतका स्वतःवर खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाहायची इच्छाही नाही.

त्याच्याकडं मी शिकायला गेले होते, हे सांगायला आजही जीभ रेटत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. चाळिशी उलटल्यावर हौसेनं कॅमेरा घेतला आणि माणसांची तोंडं टिपायचा नाद लागला. भाजी विकणाऱ्या बायका, बैलबाजारातले दलाल, आमच्या शाळेचे शिपाई, कुणाला सोडलं नाही. पण फोटो कॉम्प्युटरवर घेतले की राखेत लोळून आल्यासारखे दिसायचे. नेटवर शिकवण्या पाहिल्या. तिथला शिकवणारा इतक्या झपाट्यानं बटणं दाबायचा, की मी चष्मा सारखा करेपर्यंत त्याचं आटोपलेलं असायचं. गावात हे काम येणारा एकच माणूस होता. दिवाळीच्या सुट्टीत गेले झालं.

"या की म्याडम," मलप्पा म्हणाला. "शाळा शिकवणाऱ्याला शिकवायचं भाग्य कुणाला मिळतंय!" खुर्ची पुढं सरकवली, पंखा माझ्याकडं फिरवला आणि आपलं शास्त्र सांगितलं. "आदी घासायचं, मग उजळायचं, मग चढवायचं. संपलं. देव नुसतं बांधकाम करून सोडतोय, म्याडम. गिलावा आपल्याकडं."

घासायचं म्हणजे चेहऱ्यावर जे काही आहे ते पुसायचं. सुरकुती, देवीचा व्रण, तीळ, गोंदण, हसल्यावर गालाला पडणारी घडी, सगळं जायचं. माणूस सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत झाला, की तो कानडीत "साकु, साकु" म्हणायचा. पुरे म्हणायचा आणि तरी पुढं उजळत राहायचा. मग चढवायचं. ज्या म्हाताऱ्यानं जन्मात धोतराखेरीज काही नेसलं नाही, त्याच्या अंगावर निळा कोट आणि लाल टाय, डोक्यावर फेटा मात्र तसाच. कोट एकच. मुरुमपासून उमरग्यापर्यंत कुठल्याही घरात जा, भिंतीवरचे सगळे पूर्वज त्या एकाच कोटात. बायकांना एकच हिरवा शालू. मी म्हटलं, "अप्पा, अहो, सगळी एका आईची लेकरं दिसायला लागली!" तर म्हणाला, "बरंच झालं की. भांडणं तरी कमी व्हतील."

याच्यावरही कडी म्हणजे डोळे. आमच्याकडं पुष्कळ माणसांचा धड फोटो निघतो तो गेल्यावरच. मयताला बसवून, हार घालून कुणीतरी मोबाइलवर काढतो आणि तोच तेराव्याला फ्रेम करायला येतो. डोळे मिटलेले. मलप्पा ते उघडायचा. कुणाचे डोळे लावता, असं विचारलं तर छाती पुढं काढून म्हणाला, "माझे. बायकांना आमच्या घरातल्यांचे." मी हात जोडले. अर्ध्या मुरुमचे वाडवडील हारामागून या गृहस्थाच्या डोळ्यांनी आपल्या नातवंडांकडं बघतायत आणि लेकरं त्यांना नमस्कार करतायत!

एकदा माकणीहून एक तरणा शेतकरी वडलांची फ्रेम न्यायला आला. वडलांच्या भुवईवर बैलाचं शिंग लागल्याची खोक होती म्हणे. घासण्यात ती गेली. त्यानं फ्रेम उजेडाकडं धरून पाहिली आणि हळूच म्हणाला, "अप्पा, ह्ये आमचे दादा न्हाईत वाटत."

"घरातले दादा घरात व्हते," मलप्पा म्हणाला. "ह्ये भिंतीवरचे."

त्या बिचाऱ्यानं मान डोलावली आणि फ्रेम पिशवीत घालून तो गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मलप्पा तोवर पुढच्या गिऱ्हाइकाच्या हनुवटीला पट्टी लावून च्च करत होता.

शिकले मी त्याच्याकडं, नाही असं नाही. कुठलं बटण काय करतं ते कळलं. बाकी सगळं त्याचं बघून उलट करायला शिकले. तो जिथं घासायला सुरुवात करायचा तिथं मी माउसवरचा हात उचलायचे. डोळ्यांखालचा काळोख जरासा हलका करावा, कपाळावरची चमक थोडी उतरवावी, बस. माणूस माणूसच राहिला पाहिजे. माझे फोटो लोकांना आवडायला लागले, मी सुखावले आणि मलप्पाच्या दुकानाकडं पाठ फिरवली.

मग आईनं फोटोचं काढलं. मी एकुलती एक. लग्न गावातच झालेलं, आई पलीकडच्या गल्लीत एकटी राहायची. सत्तरी ओलांडली होती, दम लागायचा. एक दिवस म्हणाली, "माजा फोटू करून ठेव बाई. मागनं पळापळ नगं. अन् तुज्या वडलांच्या शेजारी लाव." मी सगळं शिकलेलं पणाला लावलं. आईला खिडकीशी बसवलं, फोटो काढला आणि चार दिवस त्यावर मन लावून काम केलं. एक रेघ पुसली नाही. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो तो.

आईनं तो हातात घेतला. भिंतीवरच्या वडलांच्या फोटोकडं पाहिलं. वडील गेले तेव्हा मी रांगत होते आणि ते तिशीचे. काळीभोर मिशी, दाट केस, तसेच राहिलेत तिथं.

"ह्यो त्यांच्या शेजारी लावनार?"

"व्हय. का गं?"

"मग लोक म्हनतील, आई अन् ल्येक हायती."

मला हसू आलं. तिला नाही आलं. मी समजवायला लागले, की आई, हेच खरं आहे, या सुरकुत्याच तर सुंदर आहेत, वगैरे वगैरे. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "तुजं खरं तुज्यापाशी ठेव. मला त्यांची बायकू दिसू दे." दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन, दम खात खात, ती मलप्पाकडं गेली.

फ्रेम तयार झाल्यावर आम्ही दोघी आणायला गेलो. मलप्पानं फ्रेमवरचा कागद काढला आणि मी कपाळाला हात लावला. काळेभोर केस, अंड्यासारखा गुळगुळीत चेहरा, तोच हिरवा शालू. आणि कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू! ज्या बाईनं वडील गेल्यापासून कपाळाला बोट लावलं नव्हतं, तिच्या कपाळावर!

माझा तोल गेला. "अप्पा, कुंकू कुणाला विचारून लावलंत? तिला मालक नाहीत, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे!"

मलप्पानं डोकं खाजवलं. "त्ये व्हय? त्ये शालूबरोबरच येतंय, म्याडम. सेट हाय. ध्यानातच आलं न्हाय." मग माउसकडं हात नेत म्हणाला, "काढतो की. एका मिंटाचं काम."

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं पदराच्या टोकानं काच पुसली, पुन्हा पाहिलं आणि फ्रेम छातीशी धरली. "ऱ्हाऊ दे म्हनते ना." तिचे डोळे भरले होते. माझेही भरले आणि त्याचा मला रागही आला. मलप्पा माझ्याकडं बघून म्हणाला, "बघा, गिऱ्हाईक खुश!" या माणसाला समोर काय घडलं ते ओ का ठो कळलं नव्हतं. सेटमधून आलेलं एक कुंकू. त्यात ना त्याची समज, ना माया. फुकटचं पुण्य पदरात पडलं, तेही त्याला दिसलं नाही.

आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. तेराव्याला चौरंगावर तीच फ्रेम ठेवली. माझे चुलते, आबा, हार घालायला वाकले आणि तसेच थांबले.

"ह्ये कुंकू काय? नवरा गेलेल्या बाईला? भावकी तोंडात शेण घालंल!"

मलप्पा जेवायला आलेला होताच. आबांनी त्याला हाक मारली. "अप्पा, ह्ये काढता येतंय का?"

"न यायला काय झालं? फ्रेम द्या, पंगत उठायच्या आत आणतो." ताटावरून उठून हात धुऊन आलासुद्धा. लावताना जेवढा खुशीत होता, तेवढाच काढताना.

मी चौरंगापुढं उभी राहिले. "आबा, तुम्ही वडीलधारे आहात, तुमच्या पाया पडते. पण ते कुंकू आईनं ठेवलंय. माझ्यादेखत ठेवलंय. ते निघणार नाही." आबांनी हातातला हार सारखा केला. मग त्यांनी तो फ्रेमला घातला. मला रडू आवरेना. माझ्या चांगल्या फोटोसाठी मी कुणाशी भांडले नव्हते. त्या भयंकर फोटोसाठी भांडले.

मलप्पा तिथंच घुटमळत होता. मान तिरकी करून फ्रेमकडं बघत होता. "म्याडम," जवळ येऊन म्हणाला, "मग निदान नाक तरी सरळ करून आणू का? त्या येळी गडबडीत तसंच ऱ्हायलं बघा. जरा वाकडं हाय."

मी पाहिलं. खरंच राहिलं होतं. केस तिचे नव्हते, गाल तिचे नव्हते, रंग नव्हता, शालू तर नव्हताच. डावीकडं किंचित कललेलं नाक तेवढं आईचं होतं.

"नाकाला हात लावाल तर याद राखा," मी म्हणाले.