सतरा नंबरचा ठेका

दसऱ्यानंतरच्या सोमवारी दुपारी कार्यालयात फोन आला. बस आगारातले एक लिपिक बोलत होते, निधनवार्ता द्यायची होती. मी नेहमीप्रमाणे कागद ओढला आणि ते सांगतील तसे लिहीत गेलो : प्रभाकर तुळशीराम रामटेके, वय ६१, सेवानिवृत्त वाहक, राहणार फुलचूर. ‘हृदयविकाराने’ या शब्दापर्यंत आलो आणि हात थांबला... पंधरा वर्षांच्या ओळखीत मी त्याचे पूर्ण नाव कधी लिहिले नव्हते. माझ्यासाठी आणि निम्म्या जिल्ह्यासाठी तो परभाकर होता. “लिहिलं का साहेब?” पलीकडून विचारणा झाली. मी हो म्हणालो. मागे कोण, ते विचारले. पत्नी, एक विवाहित मुलगी. “संगीतप्रेमी होते, असं टाका,” लिपिक म्हणाले. टाकले. दुसऱ्या दिवशी चार ओळी छापून आल्या. ‘संगीतप्रेमी’ हा शब्द चुकीचा नाही, पण तो कोणालाही लावता येतो.

१९९९ साली गोंदिया जिल्हा नवा झाला, आमच्या वर्तमानपत्राने इथे कार्यालय उघडले आणि मला पाठवले. पहिल्याच महिन्यात मोहफुलांच्या खरेदीची बातमी करायला चिचगडच्या गाडीत बसलो. वाहक तिकिटे देऊन झाली की हातातला पंच समोरच्या लोखंडी दांड्यावर वाजवत होता. सहज नव्हे, मोजून. एक आकृती, पुन्हा तीच आकृती. मी विचारले, हे काय आहे. “चिचगडचा ढोल होय हा,” तो म्हणाला. “सकाळच्या फेरीत एक बुढा बसला होता, मांडीवर बोटं वाजवून राहिला होता. त्याच्यापासून घेतला. आता घरी जाईपर्यंत डोक्यात टिकला तं टिकला, नाही तं गेला.” किती टिकतात, असे मी विचारले. “दहातला एक. देवरीला गर्दी चढली का बाकीचे सांडतेत.”

न सांडण्याची सोय चार वर्षांनी झाली. शहरातल्या एका ऑर्केस्ट्राचा वादक रायपूरला नोकरीला निघाला आणि जाताना आपला छोटा सिंथेसायझर परभाकरला देऊन गेला. हातभर लांबी, बोटाएवढ्या पट्ट्या, एक चिंचोळा पडदा, असे सहा सेलवर चालणारे यंत्र. गाडी लागेपर्यंत आगाराच्या विश्रांतीगृहात तो ते मांडीवर घेऊन, कानाला हेडफोन लावून बसे. बाहेरच्याला फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येई. “क्या रामटेके, टिकट छाप रहे हो?” चालक मंडळी विचारत. तो हेडफोन न काढता म्हणे, “हाँ, तुम्हारा वाला भी. रिटर्न का नहीं मिलेगा.”

यंत्राची पद्धत सोपी होती. पट्ट्यांवर ठेका वाजवायचा, यंत्र तो धरून ठेवते आणि फिरवत राहते. त्याला ते पॅटर्न म्हणतात. प्रत्येक पॅटर्नला एक नंबर. नवा किंवा बदललेला ठेका असेल तर पडद्यावर नंबराशेजारी एक चांदणी दिसते, म्हणजे तो अजून जतन झालेला नाही. जतनाचे बटण दाबायच्या आधी दुसऱ्या नंबरावर गेले, तर ठेका जातो. सोबतची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. तिचा मराठी मजकूर मी चार रविवारी, जुन्या बातम्यांच्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिला. त्यात एक सोय होती. हाताने वाजवलेले ठोके थोडे मागेपुढे पडतात, ते यंत्र समान अंतरावर नेऊन बसवते. मी लिहिले, ‘ठोके सरळ करणे’.

“सरळ कायले करतेत?” परभाकरने वाचून विचारले.

“चुकला असेल तर.”

“अन् चुकला नसन तं?”

पुस्तिकेत याचे उत्तर नव्हते. मी तसे सांगितले.

कामठ्याच्या दंडार मंडळात दसरूकाका ढोलकी वाजवत. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथे गाणे, नाच आणि सोंगे असलेली ही दंडार होते. दसरूकाका तेव्हा सत्तरीचे होते. त्यांच्या ठेक्यात प्रत्येक फेरीचा शेवटचा ठोका किंचित उशिरा येई. नाचणाऱ्यांचे उचललेले पाय त्या ठोक्यासाठी हवेत थांबत आणि मग एकदम पडत. परभाकरने तो ठेका पाचसहा वेळा यंत्रात स्वतः वाजवून पाहिला, जमला नाही. २००५ च्या उन्हाळ्यात तो मला घेऊन कामठ्याला गेला आणि यंत्रच काकांच्या पुढ्यात ठेवले. “तुमीच वाजवा. तुमचा हात यात राहीन. पुढं मांगं तुमाले जमलं नाही, तरी मंडईत तुमचाच ठेका वाजन. माही जबाबदारी.”

काकांनी पट्ट्यांवरून बोट फिरवले. “याले चामडं कुठी हाय रे?”

“आतमंदी.”

“आतमंदी तुह्या बापानं पाहिलं?” काका म्हणाले, पण बसले. डाव्या हाताच्या दोन बोटांनी जाड ठोके, उजव्याच्या दोन बोटांनी बारीक. शेवटचा, उशिराचा ठोका उजव्या हाताचा होता. तिसऱ्या प्रयत्नात चार फेऱ्या सलग मिळाल्या. परभाकरने नंबर सतरावर जतन केल्या आणि वहीत लिहिले, ‘१७ - दसरूकाका’.

आठवड्याने मी त्याला कार्यालयात बोलावले. बातमी करायची होती. त्याने सतरा नंबर लावला. छायाचित्रकार म्हणाला, “भैया, अटक रहा है.” मलाही तो अडखळल्यासारखा वाटला. वाचकांपैकी कोणी ऐकायला आले तर यंत्र बिघडले आहे म्हणतील, असे मी म्हणालो, आणि ठोके सरळ करायला सांगितले. परभाकरने माझ्याकडे एकदा पाहिले, बटण दाबले. खोलीतले सगळे ‘वा’ म्हणाले. पडद्यावर चांदणी आली होती. मराठी मजकुराचे कागद माझ्याच हातात होते. मी म्हणालो, जतन कर, नाहीतर जाईल. त्याने केले... सतरावरच. एकदा त्याच नंबरावर जतन केले की आधीचे परत मिळत नाही, ही सूचना पुस्तिकेच्या पुढच्या पानावर चौकटीत होती. चौकटीतला मजकूर इशाऱ्याचा असतो, कामाचा नसतो, असे ठरवून मी तो मराठीत घेतला नव्हता.

बातमी दोन स्तंभांत गेली : ‘कामठ्याचा ठेका यंत्रात सुरक्षित’.

मूळ ठेका पुसला गेल्याचे परभाकरच्या लक्षात चार दिवसांनी आले. पुन्हा काकांकडून वाजवून घेऊ, असे आम्ही ठरवले. मग आज-उद्या झाले. त्याच हिवाळ्यात काकांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू गेली. परभाकर त्यांना दवाखान्यात भेटून आला. त्यानंतर तो कामठ्याला गेला नाही. मंडळाने दुसऱ्या गावाहून ढोलकीवाला आणला. काय झाले ते त्याने काकांना सांगितले नाही. मीही सांगितले नाही. का, याचे कारण मी गेले सहा आठवडे शोधतो आहे. तेव्हा ते कारण आमच्याकडे होते आणि पुरेसे वाटत होते, एवढेच आठवते.

तो जाईपर्यंतची नऊ वर्षे त्याने तो ठेका आठवणीतून पुन्हा बसवण्यात घातली, हे मला अर्धवट माहीत होते. पूर्ण माहिती तेरवीनंतर कळली. त्याच्या पत्नीने, कुसुमवहिनींनी, यंत्र आणि वही माझ्यापुढे ठेवली. कामठ्याच्या मंडळाचे चिटणीस येऊन गेले होते. ढोलकीवाला सोडून गेला होता, मंडई दोन आठवड्यांवर होती आणि परभाकरने शब्द दिला होता, हे त्यांना पक्के आठवत होते. वहिनी यंत्र द्यायला तयार होत्या. “पण भाऊजी, खरा कोणता ते सांगा. ह्यांचा शब्द खोटा पडाले नको.”

वहीत सतरापुढचे काकांचे नाव खोडलेले होते. मग ओळीने : ‘१८ - शेवटचा लवकर. नाही.’ ‘१९ - नाही.’ ‘२२ - जवळ. पण नाही.’ ‘२५ - डावा जड.’ ‘२७ - परवापर्यंत बरोबर वाटला.’ अठ्ठावीसपुढे काहीच लिहिलेले नव्हते. मी अकराही ठेके ऐकले. पुन्हा ऐकले. दुसऱ्या वेळी जो बरोबर वाटला तो पहिल्या वेळी चुकलेला वाटला होता. चिटणीसांना फोन केला. ते म्हणाले, “कोन्ताही लावा ना भाऊ, लोकाईले नाचाले पाहिजे.” वहिनी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “कोन्ताही चालला असता तं ह्यांनी नऊ वर्षं काऊन घातली?”

शेवटी यंत्र घेऊन आम्ही दोघे कामठ्याला गेलो. दसरूकाका अंगणात खाटेवर बसले होते. मी सतराव्या नंबराची हकीकत पहिल्यापासून सांगितली, माझ्या वाट्यासकट. त्यांनी ऐकून घेतले.

“मंग सांगाले काय झालं होतं त्याले? मी काय खाल्लो असतो?”

वहिनींनी पिशवीतून यंत्र काढून खाटेवर ठेवले.

मी अठरापासून लावत गेलो. काका मान हलवत. “हा परभाकर होय.” पुढचा. “हाही परभाकरच. घाईत हाय.” पंचविसाव्याला म्हणाले, “याले तं माह्यावाणी वाजवाचं होतं वाटते.” अठ्ठावीसवर जरा थांबले, मग तेच : परभाकर. उरला होता तो सरळ केलेला सतरा. तो लावला आणि काका ताठ बसले. “हा! हा माहा. पाह्य, कसा नीट हाय. मी असाच वाजवत होतो.”

मी वहिनींकडे पाहिले. ज्या ठेक्यासाठी नऊ वर्षे गेली तो वाजवणाऱ्याला बिघडलेला वाटतच नव्हता. म्हणजे चूक झालीच नव्हती का? की ऐंशीकडे झुकलेला माणूस विसरला होता? मी उलटतपासणीसारखे दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे काही कामाची नव्हती. यंत्र चालूच होते. तेवढ्यात वहिनींनी माझी बाही ओढली आणि खाटेकडे बोट केले. काकांचा उजवा हात खाटेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, ठेका धरत होता. बाकीचे ठोके यंत्राबरोबर पडत होते. शेवटचा यंत्राच्या मागून पडत होता. प्रत्येक फेरीत, तेवढाच मागून.

“काका, तुमचा शेवटचा उशिरा येऊन राहिला,” वहिनी म्हणाल्या.

“मी कायले उशीर करू? तुही मशीन पुढं पळून राहिली.”

डावा हात गेला होता. उशिराचा ठोका उजव्याचा होता, आणि उजवा हात सगळा वेळ इथेच, गोंदियापासून तासाभराच्याही आतल्या अंतरावर, खाटेच्या लाकडावर वाजत होता. परभाकरने एकदा येऊन खरे सांगितले असते तर... किंवा मी.

मी ठोके सरळ करण्याची सोय बंद असल्याची तीनदा खात्री केली. वहिनींनी यंत्र काकांच्या मांडीवर धरले. त्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी वाजवले, एकदा शिंक आली म्हणून पुन्हा. पडद्यावर चांदणी उमटली. मी वहिनींना बटण दाखवले, त्यांनी दाबले. नंबर एकोणतीस. चिटणीस मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, “यात तं अर्धाच ठेका हाय.” वहिनी म्हणाल्या, “डावीकडं तुमच्यातला कोनी ढोल घेऊन बसा. उजवा द्याचं ह्यांनी कबूल केलं होतं.” काय कबूल केले होते हे तितके स्पष्ट नव्हते, पण चिटणीसांनी वाद घातला नाही.

मंडई झाली. एकोणतीस नंबर वाजला, पाय थांबले आणि पडले. गर्दीत पुढे बसलेले काका शेजारच्याला सांगत होते, मशीन जराशी मागं राहते म्हणून.

मागच्या आठवड्यात फुलचूरला गेलो तेव्हा यंत्र परत आले होते. मंडळ ते पुन्हा नेणार आहे, त्यांच्या नव्या वादकाला आपले ठेके भरायला जागा हवी आहे. वहिनींनी यंत्रावर कागद चिकटवला आहे : ‘१८ ते २८ ला हात लावू नये.’ एकोणतीसची काळजी मंडळ घेतेच. त्यांना यंत्राचे दोनच भाग कळतात, नंबर फिरवणे आणि सुरू करणे. तेवढे पुरते. त्या तांदूळ निवडत होत्या आणि अठ्ठावीस चालू होता.

“भाऊजी, याच्यापुढं ह्यांनी काही लिवलं नाही. म्हंजे हा त्यांना पटला होता, का नव्हता?”

मला माहीत नाही, असे मी सांगितले. ते खरे आहे. मी बसलो. त्यांनी मुलीची खुशाली सांगितली, मी कार्यालयातले काही सांगितले. ठेका फिरत होता. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले, की प्रत्येक फेरीत शेवटच्या ठोक्याआधी आम्ही दोघेही बोलायचे थांबत होतो.